आतून कडी

माणसाची संस्कृती विमानाच्या शौचालयात कळते, असं माझं ठाम मत आहे. सोलापूरहून गोव्याला जाताना मला मात्र आत शिरायलाच मिळालं नाही.

सगळे प्रवासी जागेवर बसलेले असताना आत नळ वाहत होता. हवाईसुंदरीनं दार उघडून दाखवलं. आत कुणी नव्हतं. तिनं दार लावलं, तशी आतून कडी सरकली.

“पट्टा लावा, काका. आता उठू नका,” ती म्हणाली. विमान उतरायला लागलं होतं.

“बसा की गप,” शेजारून माझी बायको कमलम्मा म्हणाली. तिनं माझा हात धरला. मला तो सोडवता येईना.

तेवढ्यात शौचालयातून हाक आली. घरच्या न्हाणीतून रोज येते तीच, कमलम्माच्याच आवाजात.

“अहो, टॉवेल विसरले. जरा द्या की.”