दुसरं काडतूस

बारशाच्या सकाळी वसुमतीबाईंनी गॅस बंद केला, देवघरातली समई शांत केली, देवांना थोडा वेळ अंधारात ठेवल्याबद्दल त्यांची माफी मागितली आणि त्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्या. समोर त्यांचे यजमान हणमंतराव पणजोबांच्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस भरत होते. रिव्हॉल्व्हर शंभरीचं, हणमंतराव सदुसष्ट वर्षांचे. दोघांवरही फार दाब पडू नये, असं जाणकारांचं मत होतं.

काडतुसात गोळी नव्हती, नुसता आवाज काढायचा होता. घरात मूल झालं की बारशाला अंगणात एक बार काढायचा, ही जुनी रीत. मूल म्हणजे मुलगा, हे रीत घालणाऱ्यांनी सांगून ठेवलं नव्हतं. सांगायची गरजच वाटली नसावी. या खेपेला नात झाली होती आणि हणमंतरावांनी कुणाला न विचारता पेटी उघडली होती. बंगळूरच्या मल्लेश्वरम पोलीस ठाण्यात मात्र जाऊन आले होते. इन्स्पेक्टर म्हणाला, “सरी सार, ठीक आहे. पण आवाज स्वल्पच!”

“बाळ आत्ता कुठं झोपलंय,” वसुमतीबाई म्हणाल्या. “दारू कमी घाला.”

“मापाचीच घेतलीय.”

“त्यातली थोडी काढा.”

हणमंतरावांनी काढली. “आता वर रवा दाबून भरायला हवा. आत पोकळी राहिली तर धोका.”

रवा उपम्यासाठी आणलेला होता. वसुमतीबाईंनी सढळ हातानं दिला. पुठ्ठ्याची चकती आणि वर मऊ मेण, काडतुसाचं तोंड बंद झालं.

“हा बार शेजारच्या सुधींद्रला तरी ऐकू जाईल का?”

“त्याला घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. त्याच्यासाठी नातीची झोप मोडू नका. उठा आता.”

हणमंतराव उठले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात एक काडतूस होतं. पितळ काळं पडलेलं, मेण तडकलेलं.

“हे आणि कुठलं?”

“भार्गवीच्या बारशाचं.”

वसुमतीबाई त्या काडतुसाकडे बघत राहिल्या. त्यांची लेक भार्गवी आत पाळण्याशी बसली होती, एकतीस वर्षांची. तिच्या बारशाला बार झाला नव्हता.

“तुम्ही भरलं होतंत?”

“पहाटे उठून. अंगणात निघालो तर ओसरीवर अप्पासाहेब. म्हणाले, ‘मुलगीच ना?’ मी आत आलो.”

अप्पासाहेब म्हणजे हणमंतरावांचे वडील. त्यांच्यासमोर घरात कुणी मोठ्यानं शिंकतही नसे.

“मला सांगितलं नाहीत कधी.”

“काय सांगायचं? घाबरलो, म्हणून?”

“एकतीस वर्षं मी धरून बसले, की तुम्हालाच नको होती ती.”

हणमंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी त्यांना नीट दिसेना.

“हे आता उडवता येणार नाही,” ते म्हणाले. “हातात फुटेल.” त्यांनी ते पाण्याच्या तांब्यात सोडलं. मग डबीतून नवं, रिकामं काडतूस घेतलं, माप भरलं आणि बायकोच्या धाकानं त्यातली थोडी दारू आपणहून परत ओतायला निघाले.

वसुमतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“राहू द्या. अख्खं माप घाला.”

आतून भार्गवीची हाक आली. “अण्णा, बेगी बेगी आटपा हो! चुळबुळ करतेय, उठेल आता!”

“उठू दे,” वसुमतीबाई ओरडल्या.