लेकीची लय

केतकीच्या लेकीच्या मेंदूचा देठ जन्मतःच अर्धवट घडला होता. श्वास घ्यायला सांगणारा भागच त्यात नव्हता. म्हणून डॉक्टर खोपकरांनी दोघींच्या मानेत एकेक चिप बसवली होती. आईने श्वास घेतला, की लेकही घेई.

चाळिसाव्या दिवशी तपासणी करताना डॉक्टर हसल्या. “केतकी, हिच्या मेंदूने स्वतःची वाट शोधलीय. आता चिपची गरज नाही.”

त्यांनी दोन्ही चिप बंद केल्या. बाळाची छाती संथपणे वरखाली होत राहिली. केतकीला आनंदाने रडू फुटणार होतं, पण तिची छाती हललीच नाही.

डॉक्टरांनी घाईघाईने चिप पुन्हा चालू केल्या. बाळाने श्वास घेतला. मागोमाग केतकीनेही घेतला.

“आता बंद करू नका,” ती कशीबशी म्हणाली, आणि झोपलेल्या लेकीच्या पुढच्या श्वासाची वाट पाहू लागली.