ऑपरेशन, सोप्या भाषेत

सिस्टरने पलंगावर पांढरी पाटी ठेवली, वर निळं पेन. "काका, आजपासूनच सराव करा. अक्षर बरं आहे ना तुमचं?"

"अक्षर काय करायचंय?" बाप म्हणाला, आणि अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. हळू बोलणं त्याला जमतच नसे. भाजीबाजारात लिलावाची बोली तो पुकारायचा, तीही माइकशिवाय. व्यापारी त्याला भोंगा म्हणायचे. गेले काही महिने भोंगा घोगरा झाला होता, पण चालू होता.

"उद्या ऑपरेशन झालं की बोलता येणार नाही ना. लिहूनच सांगायचं सगळं."

"आठवडाभर," मुलगी म्हणाली. "आवाजाला विश्रांती. व्हिडिओत सांगितलंय."

"कुठल्या व्हिडिओत?"

मुलीने मोबाइल पुढे केला. व्हिडिओ मोठा देखणा होता. गुलाबी घसा, त्यात वाटाण्याएवढी गाठ. एक चिमटा येतो, गाठ अलगद उचलतो, मागे बासरी वाजते आणि पांढऱ्या कोटातला हसरा माणूस म्हणतो, घाबरू नका. लाखो लोकांनी पाहिलेला. बापाला तो इतका आवडला होता की त्याने बाजारात दिसेल त्याला तो दाखवला होता.

सिस्टरने बिचारीने शेवटपर्यंत पाहिला. मग ती पलंगाच्या कडेला टेकली.

"हे साध्या गाठीचं आहे. काकांना कॅन्सर आहे. उद्या स्वरयंत्रच काढणार आहेत, अख्खं. डॉक्टर बोलले नाहीत?"

डॉक्टर बोलायला लागले होते. "या ऑपरेशनमध्ये आपण..." एवढं झालं आणि मुलगी म्हणाली होती, सगळं माहीत आहे, आम्ही व्हिडिओ पाहिलेत. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. बाहेर पेशंटची रांग होती. घोडं पेंड खातं ते इथेच.

आणि खरं सांगणारा व्हिडिओ नव्हता असं थोडंच आहे! होता. एक वयस्कर सर्जन खुर्चीत बसून एकसुरी बोलत होता, ना चित्र, ना बासरी. मुलीने तो लावलाही होता. तिला जांभई आली आणि तिने पुढचा लावला.

आता तिला रडू यायला हवं होतं. येत नव्हतं. हात कुणा दुसऱ्याचेच असावेत तशी ती चार्जरची वायर गुंडाळत बसली.

"आणि नाही काढलं तर?" बापाने विचारलं.

"गाठ वाढतेय काका. श्वास कोंडेल."

"बरं," तो म्हणाला. "काढा मग."

सिस्टर पुढच्या पलंगाकडे गेली.

"बाबा, चुकलं माझं. मी नीट..."

"गप. आईला फोन लाव. तिला हे कुणाकडून कळायला नको. मी सांगतो, माझ्या तोंडाने."

तिने फोन लावून दिला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"अगं, ऐक," बाप म्हणाला. पुढचा शब्द काही केल्या येईना.

"बोला की! जेवलात ना? औषध घेतलंत?"

"घेतलं. ते ऑपरेशनचं जरा..."

"अहो, किती धसका घ्याल? एवढंसं तर काम आहे, दाखवलंत ना तुम्हीच मला. थांबा, दूध उतू चाललंय. उद्या सगळं झालं की निवांत बोलू. ठेवते."

फोन बंद झाला. बाप तो कानाशी धरून बराच वेळ "हो, हो" म्हणत राहिला.