हिरवळीतलं टक्कल

बाबांनी जन्मभर लोकांच्या बंगल्यांपुढची हिरवळ राखली. अर्धांगाचा झटका आल्यापासून मात्र दोन महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. गेले आठ दिवस रोज सकाळी मी त्यांची खुर्ची आमच्या अंगणात आणून ठेवायचे आणि त्यांच्या पायाशी बसून खुरप्याने हिरवळ खुरपायचे.

आज नवव्या दिवशी त्यांचा चांगला हात खुर्चीवर धाडकन आपटला.

"हरळी... ती हरळी! ती ठेवायची!" त्यांनी दम घेतला. "लव्हाळा काढ. तिकोनी देठ... खालच्या गाठीसकट. बावळट!"

आई ओल्या हातांनीच धावत बाहेर आली. "बोलले? काय बोलले?"

"मला बावळट म्हणाले," मी डोळे पुसत सांगितलं.

आईची नजर हिरवळीवर गेली. मधोमध चटईएवढं टक्कल पडलं होतं आणि त्यात लव्हाळा तेवढा ताठ उभा होता.

"अगं, शाळेत असल्यापासून बाबांच्या हाताखाली लव्हाळा उपटलास ना तू? तुला ओळखता येत नाही?"

"येतो की. म्हणून तर नऊ दिवसांत एकालाही हात लावला नाही."