पंचवीस सेकंद

"वॉरंटीत बसत नाही, मॅडम," शार्दूल म्हणाला. "तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला आहे. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलाय. अशा वेळी कंपनी हात वर करते."

"कुणी पळवलाय?"

शार्दूलनं काउंटरवरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. "आम्हीच. तुमच्याच फायद्यासाठी."

रोहिणी मगदूमनं कॉम्प्युटरचं ते धूड रिक्षातून उतरवून स्वतः शिवाजी पेठेतल्या या दुकानात आणलं होतं. ती कर्णबधिर मुलांना विज्ञान शिकवायची. हातांच्या खुणांनी शिकवलेले धडे घरी चित्रित करायची, त्यांत हलत्या आकृत्या घालायची आणि मुलांच्या मोबाईलवर पाठवायची. गेल्या चार दिवसांत धडा तयार होता होता कॉम्प्युटर तीनदा बंद पडला होता. तिन्ही धडे गेले होते. सोमवारी दहावीची सराव परीक्षा होती.

"प्रोसेसरवर एक मोठा कूलर बसवू," शार्दूल म्हणाला. "गरम होतंय, एवढंच. मग बघा कसं पळतंय."

"आणि तो कूलर मी विकत घ्यायचा?"

"मॅडम, स्पीड पाहिजे म्हटल्यावर..."

"स्पीड कुणी मागितला होता?" रोहिणीचा आवाज असा चढला की रस्त्यावरचे दोघे थबकले. "मी मशीन मागितलं होतं. चालणारं! आत्ता जोडा हे. माझ्यासमोर चालवून दाखवा. मी इथनं हलणार नाही."

तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

आतल्या खोलीतून अंबादास हात पुसत बाहेर आले. दुकानाचे जुने मेकॅनिक. शार्दूलचे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून इथे होते. त्यांनी वायरी जोडल्या. रोहिणीनं एक जुना धडा निवडला आणि तो नव्यानं तयार करायला लावला. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"लाइट गेली असेल," शार्दूल म्हणाला.

डोक्यावरचा पंखा फिरत होता.

अंबादासांनी मशीन पुन्हा चालू केलं. दोन-तीन कळा दाबून वाढवलेला वेग काढून टाकला आणि तोच धडा परत लावला. शार्दूलनं दोन फोन घेतले, एका गिऱ्हाईकाला पेनड्राइव्ह दिला. रोहिणी पडद्यावरून नजर हलवत नव्हती. शेवटी धडा पुरा झाला. तिनं घड्याळ बघितलं, पर्समधली वही काढली.

"एकोणीस मिनिटं पाच सेकंद. नवीन होतं तेव्हा तुमच्या वाढवलेल्या वेगानं हाच धडा अठरा मिनिटं चाळीस सेकंदांत झाला होता." तिनं वही मिटली. "पंचवीस सेकंद. पंचवीस सेकंदांसाठी माझे तीन धडे घालवलेत तुम्ही!"

"गेमवाल्यांना फरक पडतो मॅडम," शार्दूल म्हणाला. "सगळीकडं करतात."

"काय फरक पडत न्हाय," अंबादास म्हणाले.

"काका, तुम्ही आत जावा."

"मी बोलतोय की. मॅडम, पूर्वी ह्यात राम होता. कंपनी हात राखून माल द्यायची. आमी एकेक मशीन दीडपट पळवल्यात ह्याच टेबलावर. आता कंपनीच कारखान्यात सगळं पिळून पाठवती. चोथा झालेला ऊस परत चरकात घालून काय निघणार?"

शार्दूलनं मान फिरवली. अंबादासांना बोलून बरं वाटलं. या बाई आता आपल्याला दुवा देतील, असंही वाटलं.

रोहिणी त्यांच्याकडे बघत होती.

"माझ्या मशीनचा वेग कुणी वाढवला होता?"

अंबादासांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "मीच."

"आणि तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मग?"

"मालकानं सांगितलं. खास ट्युनिंग म्हणून माल जातोय..." त्यांचा आवाज खाली गेला.

"काका, ह्यांना कळत नव्हतं असं तरी म्हणता येईल. तुम्हाला तर सगळं कळत होतं." ती उठली. "माझी मुलं ऐकू शकत नाहीत. त्यांचा अभ्यास त्या धड्यांवरच आहे. आता सांगा, मी सोमवारपर्यंत कुठले धडे देऊ त्यांना?"

अंबादासांनी वायरी काढल्या, मशीन उचललं आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवली. मशीन सीटवर ठेवून दोन्ही बाजूंनी पुठ्ठे लावले. रोहिणी आत बसली. तिनं आभार मानले नाहीत. रिक्षा निघून गेली तरी ते थोडा वेळ रस्त्यावरच उभे राहिले.

ते परत आले तेव्हा शार्दूल धुमसत होता. "गिऱ्हाईकासमोर माझी अब्रू काढली तुम्ही. आता निदान गप काम करा."

अंबादासांनी काउंटरच्या कप्प्यातून विक्रीची वही काढली. चष्मा लावला. ट्युनिंग केलेल्या मशीनपुढे त्यांच्याच अक्षरात छोटी फुली होती. पानापानावर फुल्या होत्या. त्यांनी पहिल्या फुलीवर बोट ठेवलं आणि दुकानाचा फोन उचलला.

"अमरसिंह हायत का? दुकानातनं अंबादास बोलतोय. तुमचं मशीन घेऊन या जरा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"काका, फोन ठेवा," शार्दूल म्हणाला. मग ओरडला, "फोन ठेवा म्हणतोय ना!"

अंबादासांनी त्याच्याकडे पाठ केली.

"न्हाय, न्हाय, पावणं, तुमी काय बिघडवलं न्हाय," ते फोनमध्ये म्हणाले. "चांगलं चालतंय म्हणताय, ते बी खरं असंल. तरी घेऊन या."