जेवढं पाप, तेवढा जप

लग्न चार दिवसांवर आलं होतं. त्याआधी दोघांनीही फादरांपुढं पापं कबूल करायची रीत, म्हणून शांतवन आणि त्याची होणारी बायको एस्तर दुपारीच चर्चमध्ये आली. आधी शांतवन, फादर ज्याच्या पलीकडं बसतात त्या लाकडी जाळीपुढं गुडघे टेकून बसला. रंकाळ्यावर भेळ खाताना एस्तरकडं बघून मनात काय काय आलं, ते त्यानं कोल्हापुरी घशाला जमेल तितक्या हळू सांगून टाकलं.

"लग्न होईस्तवर मनसुद्धा आवरायचं, बाळा," फादर म्हणाले. "जेवढं पाप, तेवढा जप. एक आख्खी जपमाळ म्हण."

शांतवन बाकावर बसून माळ ओढायला लागला खरा, पण एक धास्ती मनातनं जाईना. एस्तर म्हणजे चर्चच्या गायनात पुढं उभी राहणारी, पोरांना दहा आज्ञा शिकवणारी. त्याची आई तर तिला कौतुकानं कॉन्व्हेंटातली सिस्टरच म्हणायची. असल्या पोरीला आपल्या मनातलं कळलं, तर ती बोहल्यावरनं उठून जाईल!

एवढ्यात एस्तरही जाळीपाशी जाऊन आली आणि डोळे मिटून शेजारच्या बाकावर टेकली. शांतवनची माळ संपली. बाहेर जाऊन त्यानं मोटारसायकल पुसली, परत आत डोकावला, तरी हिचे ओठ हलतच होते.

"अगं, मांडववाला खोळंबलाय की. झालं न्हाय व्हय अजून?"

एस्तरनं एक डोळा उघडला.

"तुम्ही व्हा पुढं. माझी ही दुसरी माळ हाय. अजून तीन ऱ्हायल्यात."