आधी आणि नंतर

वालूरच्या बालाजीनं हौसेनं कॅमेरा घेतला, आणि व्हिडिओ बघून बघून फोटो काढायला नि कम्प्युटरवर सुधारायला शिकू लागला. सरावासाठी त्यानं शेजारच्या राजेश्रीवहिनींचा एक फोटो काढला. तीन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासूनचा त्यांचा हा पहिलाच फोटो.

"भावजी, ह्याच्यात मला कुंकू लावता येतंय का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "नुसतं फोटोत. पन कुनाला दावू नका."

बालाजीनं अर्धा दिवस खपून कुंकू लावलं. लय खरं दिसायलं होतं. एवढी मेहनत कुणी बघायचीच नाही म्हणजे काय? त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडले आणि गावाच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'माझं पहिलं एडिटिंग. आधी आणि नंतर. कसं वाटलं?' शंभरावर अंगठे आले.

वहिनींच्या सासूला, नर्मदाबाईला, कुणीतरी फोन दाखवला. म्हातारी बोटानं स्क्रीनवरचं कुंकू पुसायला लागली. ते काही पुसंना.


मग तिनं सुनेला समोर बसवलं, आणि तिचं कोरं कपाळ पदरानं लाल होईस्तोवर घासलं.